पापणीवर पापणी

मराठीत डोळ्याच्या झाकणालाही पापणी म्हणतात आणि त्या झाकणाच्या काठावर उगवणाऱ्या केसांनाही पापणीच म्हणतात. सतरा वर्षं हा शब्द मी बिनतक्रार वापरला होता. बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत घरी बसले होते, त्या मे महिन्यात मात्र या शब्दाने मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

आम्ही तेव्हा जुईनगरला राहायचो, नव्या सोसायटीत, तिसऱ्या मजल्यावर. रस्ते भलेमोठे आणि गाड्या मोजक्या. दुपारी खिडकीतून बघितलं तर एखादी रिक्षा रिकाम्या रस्त्यावरून इतकी निवांत जायची की कुठे चाललोय हे तिलाच ठाऊक नसावं. पूर्वेला डोंगर होता. डोंगरात दगडाच्या खाणी होत्या आणि दुपारी तिथे सुरुंग उडवायचे. आधी भोंगा वाजायचा, मग थोडा वेळ काहीच नाही, मग धप्प असा आवाज यायचा आणि आमच्या खिडकीच्या काचा थरथरायच्या. मग पुन्हा सगळं जिथल्या तिथे. त्या दुपारी आठवल्या की वाटतं, आम्ही दोघी मायलेकी तेव्हा पाण्याखाली राहत होतो. बाहेरचं सगळं दिसायचं, पण आमच्यापर्यंत यायला त्याला वेळ लागायचा.

हिवाळ्यात आईच्या छातीतली गाठ काढली होती. नंतर इंजेक्शनं सुरू झाली. आधी डोक्यावरचे केस गेले, मग भुवया, आणि सगळ्यात शेवटी पापण्या. पापण्या नसलेला डोळा फार उघडा दिसतो. आई माझ्याकडे बघायची तेव्हा आत्ताच कुणीतरी दचकवल्यासारखी वाटायची, मग ती भाजी निवडत असली तरी. वाऱ्याबरोबर आलेली धूळ थेट डोळ्यात जायची. बाबा एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर कामाला होते. त्यांच्या शर्टाच्या वासानेसुद्धा तिचे डोळे वाहायला लागायचे. बाबा बिचारे दारातच शर्ट काढून बाल्कनीत टाकायचे आणि बनियनवर घरात यायचे.

या सगळ्याची तिला सवय झाली होती. पण मग मोठ्या मावशीचा फोन आला.

मोठी मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. चिपळूणच्या पुढे एका गावात राहायची. माझी आजी, म्हणजे या दोघींची आई, तरुणपणीच याच दुखण्याने गेली होती. तिचं सगळं मावशीने काढलं आणि माझ्या आईला लहानाचं मोठंही तिनेच केलं. त्यात आदल्या वर्षी मावशीचे यजमान गेले. म्हणून आईने आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून एकच हट्ट धरला होता, ताईला यातलं काही कळता कामा नये.

"तिने एकदा हे सगळं बघितलंय गो," आई म्हणायची. "पुन्हा कशाला दाखवायचं?"

आता मावशी वाशीला कुणाच्यातरी लग्नाला येणार होती आणि ते उरकून एक दिवस आमच्याकडे. सकाळी यायचं आणि संध्याकाळी हायवेवरून परतीची एसटी पकडायची. आईने फोन ठेवला आणि बोडक्या डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाली, "केस बालाजीला दिले म्हणून सांगू. नवस होता म्हणायचं."

"आणि पापण्या?" मी विचारलं. "त्या कुठल्या देवाला दिल्या?"

मी जरा तिरकसच बोलायचे तेव्हा. मला ही सगळी लपवाछपवी पटत नव्हती. पण आईने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "तूच काहीतरी बघ." तेव्हा मी विरघळले.

आमच्या इमारतीच्या खालच्या गाळ्यात एक ब्यूटी पार्लर होतं. ते चालवणाऱ्या काकी इथल्याच, पलीकडच्या गावठाणातल्या. आईने बजावलं होतं, कुणाला काही सांगायचं नाही. म्हणून मी काकींना सांगितलं की मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नात नाचायचंय, मला खोट्या पापण्या हव्यात.

"तुला कशाला गो खोटी पापनी? तुझी काय वाईट हाय?" काकी म्हणाल्या. पण ड्रॉवरमधून नवरीसाठी ठेवलेलं एक नवं पाकीट काढून दिलं, सोबत गोंदाची नखाएवढी ट्यूब. "नीट आयक. पापनी पापनीवर लावाची. गोंद लावला का लगेच नाय चिटकवाची, जरा सुकू दे. बोटाला चिकट लागला का मंग लाव. आनि लावल्यावर रडाचा नाय. नवरीला पन मी हेच सांगते. रडाचा आसल तर आधी रडून घे."

मी मान डोलावली. पापणीवर पापणी. यात न कळण्यासारखं काय होतं?

दुपारी सुरुंग होऊन गेल्यावर आईला दिवाणावर बसवलं. तिने डोळे मिटले. मी एक पापणी चिमट्यात धरली, गोंद लावला, फुंकर घातली आणि अगदी जपून, श्वास रोखून, तिच्या पापणीवर बसवली. म्हणजे झाकणावर, बरोब्बर मध्यावर. दुसरीही तशीच. मिटलेल्या डोळ्यांवर त्या इतक्या झोकात दिसत होत्या की मला स्वतःचं कौतुक वाटलं.

"उघड आता," मी म्हटलं.

आईने डोळे उघडले. पापण्या वर गेल्या आणि भुवयांच्या खाली दोन सुरवंट येऊन बसले. खाली डोळे जसेच्या तसे, उघडेबोडके.

"कशी दिसते?" आईने विचारलं.

मी हातआरसा पुढे केला. तिने तो घेतला, स्वतःकडे बघितलं, एकदा पापण्या मिचकावल्या, तर सुरवंट खाली जाऊन वर आले. मग ती हसायला लागली. टाक्यांच्या जागी हात दाबून, "अगो थांब, थांब" करत हसत राहिली. हिवाळ्यानंतर मी तिला पहिल्यांदा असं हसताना बघितलं. तेवढ्यासाठी मी आणखी चार सुरवंट चिकटवले असते.

दुसऱ्या दिवशी काकींकडे गेले. त्यांनी कपाळावर हात मारला. "अरे देवा. झाकनावर नाय, केसांवर. आपले केस हायेत ना, त्यांच्या बुडाशी."

"आणि केस नसतील तर?" माझ्या तोंडून निघून गेलं.

काकी माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांची नजर हळूच वर छताकडे गेली. आमचं घर त्याच बाजूला, त्यांच्या डोक्यावर दोन मजले सोडून. काजळाची एक पेन्सिल काढून त्यांनी माझ्या हातात ठेवली. "तर आधी रेघ माराची, बारीक. मंग रेघेवर बसव. टेन्शन नको घेऊ."

मग आमच्या दुपारी सुरू झाल्या. बाबा मार्केटात गेलेले, जेवणं झालेली, पडदे ओढलेले. पडदे नारंगी रंगाचे होते, त्यामुळे खोलीत सगळीकडे पिकल्या आंब्याचा उजेड. आम्ही भोंग्याची वाट बघायचो, कारण एकदा ऐन वेळी सुरुंग उडाला आणि माझा हात हलून पापणी आईच्या नाकाला चिकटली होती. धप्प झालं, काचा थांबल्या, की मी कामाला लागायचे. पापणी आधी डोळ्यावर धरून बघायची, बाहेरच्या कोपऱ्याशी उरलेलं टोक नखांच्या कात्रीने छाटायचं. मग बोटाभोवती गुंडाळून जरा वाक द्यायचा. आईच्या मांडीत आरसा, तिने मान वर ठेवून खाली आरशात बघायचं. काजळाची रेघ. गोंद. फुंकर. आधी मध्य टेकवायचा, मग नाकाकडचं टोक, मग कानाकडचं, आणि मग काहीच न करता नुसतं थांबायचं.

हे थांबणं मला फार आवडायला लागलं. माझं बोट तिच्या पापणीवर, दोन्ही अर्थांच्या पापणीवर, आणि खाली तिचं बुबुळ हलल्याचं बोटाला कळायचं. तिला असं डोळे मिटून बसवलं की ती बोलायला लागायची. समोर कुणी नसल्यासारखी. लहानपणचं घर, पावसाळ्यात परसात बेडूक यायचे ते. ताई तिला कडेवर घेऊन नदीवर न्यायची. आणि पापणीचा केस गळला की ताई काय करायची ते. तो केस आईच्या मुठीवर ठेवायची आणि म्हणायची, डोळे मीट, मनात माग, मग फुंकर मार. उडाला की मिळालंच समज.

"काय मागायचीस?" मी विचारलं.

"सांगितलं की इच्छा पुरी होत नाही," आई मिटल्या डोळ्यांनी म्हणाली. मग जरा वेळाने, "मी एकच मागायचे. ताईचं लग्न होऊ नये. ती जाईल म्हणून."

मी तिला बजावलं, हलू नकोस.

एकदा गोंद सुकायच्या आधीच मी घाई केली आणि आईचा उजवा डोळा चक्क मिटलेलाच चिकटला. उघडेचना. मी घाबरून रडकुंडीला आले, काकींना हाक मारायला निघाले. आई मात्र शांत. एका डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाली, "फणसाचा चीक हाताला लागला तर आपण काय लावतो? जा, खोबरेल आण." कापसाच्या बोळ्याला तेल लावून मी डोळ्याच्या काठाने हलकेच फिरवलं. गोंद सुटून आला, डोळा उघडला. तेव्हापासून आमचा नियम ठरला, मावशी येईल त्या दिवशी चेहऱ्याच्या आसपास तेल नको आणि पापण्या ओल्या होऊ द्यायच्या नाहीत. एवढं सांभाळलं की झालं.

मावशी आली त्या सकाळी माझं काम इतकं सुबक झालं होतं की मीच फसले असते. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, पेन्सिलीच्या भुवया आणि त्याखाली दाट, काळ्या पापण्या. आई आजारी नाही, जरा नटलेली दिसत होती.

मावशी दारात उभी राहिली. एका हातात पिशवी, दुसऱ्या काखेत गोणपाटात गुंडाळलेला फणस. फणस खाली ठेवला, आईला मिठी मारली आणि रडायला लागली. यजमान गेल्यानंतरच्या दिवसांत भेटल्या होत्या, त्यानंतर आजच. त्यांच्याकडे अशी रीतच होती, भेटलं की आधी दोघींनी मिळून रडून घ्यायचं. आई मात्र ताठ उभी. वर पंख्याकडे बघत भरभर पापण्या मिचकावत होती आणि म्हणत होती, "पुरे गो ताई, पुरे. चहा घे आधी."

मावशीने डोळे पुसून तिच्याकडे बघितलं. बालाजीच्या नवसाचं ऐकून घेतलं, "बरं केलंस" म्हणाली. पण तिचं काहीतरी बिनसलं. जेवताना तिने यजमानांच्या शेवटच्या दिवसांचं सांगायला घेतलं, तर आईने ताक हवंय का म्हणून विचारलं. पुन्हा विषय निघाला तर आई उठून स्वयंपाकघरात गेली. तिथे ती ओट्याला धरून तोंड उघडं टाकून श्वास घेत होती, हे फक्त मला दिसत होतं.

"शहरात राहून कोरडी झालीस तू," मावशी शेवटी म्हणाली. रागाने नाही, नुसतं सांगितल्यासारखं. "माणूस गेलं माझं, आणि तुझ्या डोळ्यात टिपूस नाही."

मला मावशीचा इतका राग आला की जीभ चावून बसले. आणि आईचाही आला. वाटलं, ओरडून सांगावं सगळं. आई म्हणाली, "तसं नाही गो." मला त्या क्षणी माझ्या कामाचीच चीड आली. माझ्या हाताने मी एवढी सुबक दारं लावून घेतली होती आणि एक बहीण आत, एक बाहेर.

दुपारी मावशी म्हणाली, "जायच्या आधी फणस फोडून देते. तुम्हाला कुठे जमणार?" जमिनीवर वर्तमानपत्रं पसरली, विळी ठेवली, हातांना कोपरापर्यंत खोबरेल चोळलं, विळीच्या पात्यालाही लावलं. ती गरे काढत होती आणि घरभर तो गोड, जड वास भरत होता. भोंगा झाला. मावशीला ठाऊक नव्हतं, ती कापतच राहिली. धप्प झालं, काचा थरथरल्या, तशी ती दचकून उठली.

"काही नाही गो, सुरुंग आहे," आई म्हणाली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. "रोजचंच आहे."

मावशी पुन्हा खाली बसली. आईकडे बघत राहिली. काय वाटलं कोण जाणे, कदाचित आपण तिला लागेल असं बोललो याचं वाईट वाटलं असेल. "एवढीशी होतीस," ती म्हणाली, "विजा कडाडल्या की माझ्या पदरात शिरायचीस." आणि तिने दोन्ही हातांनी आईचा चेहरा धरला, कपाळापासून हनुवटीपर्यंत तळवे फिरवून अलाबला काढली, आणि स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

पापणी लवायच्या आत माझ्या लक्षात आलं, आणि तोवर उशीर झालेला. मावशीच्या हातांना तेल होतं. पेन्सिलीची डावी भुवई कानापर्यंत ओढली गेली होती. आणि डाव्या डोळ्याची अख्खी पापणी सुटून गालावर लोंबत होती.

आईने गाल झाकायला हात नेला, पण मावशीने तो मध्येच धरला. ती बघत होती. आधी त्या गालावरच्या पापणीकडे, मग उघड्या डोळ्याकडे, मग रुमालाकडे. मावशीने तो चेहरा आधी बघितलेला होता. तिला विचारावं लागलं नाही, आईला सांगावं लागलं नाही. मावशीच्या कोपरावरून तेलाचा एक थेंब वर्तमानपत्रावर पडला.

मग तिने दोन बोटांनी ती पापणी आईच्या गालावरून उचलली. आईच्या हाताची मूठ वळवली, पालथी केली आणि पापणी तिच्यावर ठेवली.

"डोळे मीट," मावशी म्हणाली. "मनात माग. मोठ्याने नाही."

आईने डोळे मिटले. एक पापणीवाला, एक बिनपापणीचा. आणि मोठ्यानेच म्हणाली, "ताई, जाऊ नकोस."

मग ती रडली. हिवाळ्यापासूनचं सगळं रडली. डॉक्टरांसमोर नाही, बाबांसमोर नाही, माझ्यासमोर तर कधीच नाही, ते सगळं. उजव्या डोळ्याचीही पापणी सुटली आणि कुणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मावशीने तेलकट हातांनीच तिला जवळ घेतलं. मी विळी बाजूला सरकवली, कारण मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

बऱ्याच वेळाने मावशीने नाक ओढलं आणि आईची मूठ पुन्हा सरळ केली. पापणी तेलाने तिथेच चिकटून होती.

"हे मागणं झालं," ती म्हणाली. "ते काय, मी राहतेच आहे. ही पापणी फुकट घालवू नकोस. आता दुसरं माग. आणि या वेळी मनात."

आईने पुन्हा डोळे मिटले. या वेळी बराच वेळ मिटून ठेवले. नारंगी उजेडात तिचा चेहरा तेलाने चमकत होता, काजळाच्या रेघा इकडेतिकडे गेल्या होत्या, आणि तरीही मी इतक्या दुपारी नटवलेल्या त्या चेहऱ्यापेक्षा हा मला देखणा वाटला. तिने फुंकर मारली. पापणी हलली नाही. पुन्हा मारली. तेलात चिकटलेली ती कशाला उडते?

"पंखा पाचवर कर गो," मावशी मला म्हणाली.

मी उठून पंखा पाचवर केला. वर्तमानपत्रं फडफडली, पडदा उडाला. मावशीने नखाने पापणीचं एक टोक जरासं सोडवलं आणि तिघींनी मिळून फुंकर मारली. पापणी उडाली. गरगरत दिवाणावरून गेली, पडद्याला अडकल्यासारखी झाली, आणि पुढच्या झुळकीबरोबर खिडकीतून बाहेर, डोंगराच्या दिशेने गेली.

संध्याकाळी बाबा आले. दारातच शर्ट काढला, आत बघितलं. एसटीची वेळ टळून गेलेली आणि मेव्हणी स्वयंपाकघरात फणसाच्या आठळ्यांची भाजी टाकत होती. आई उघड्या डोळ्यांनी, डोक्याचा रुमाल काढून, शेजारी बसली होती. बाबा शर्ट बाल्कनीत टाकायला गेले आणि तिथेच बराच वेळ उभे राहिले.

मावशी इंजेक्शनं संपेपर्यंत राहिली. दिवाळीच्या सुमाराला आईच्या पापण्या परत आल्या, आधी खुरट्या, मग आधीपेक्षा जरा वाकड्या. मावशीला जाऊन आता बरीच वर्षं झाली. आईचे केस पिकले, पापण्याही पिकायला लागल्यात, आणि चष्म्याच्या काचेवर एखादा पांढरा केस पडलेला दिसला की मी तिला अधूनमधून विचारते, त्या दुपारी दुसऱ्यांदा काय मागितलं होतंस?

तिने अजून सांगितलेलं नाही. "सांगितलं तर थांबेल," म्हणते. "अजून चालू आहे."